मत देऊन राहिले होते

शाळेत 'मले-तुले' म्हणणाऱ्या पोरांना मी पट्टीनं मारत असे. एका 'मले'ला एक पट्टी, तळहातावर. आज या गोष्टीची लाज वाटते, तेव्हा मोठा अभिमान होता. "मले नाही, मला! म्हण!" पोरगं म्हणायचं, "मला." आणि सुट्टीची घंटा झाली की मैदानातून त्याचाच आवाज यायचा, "मले दे ना बे चेंडू!" माझं डोकं असं फिरायचं म्हणता!

शाळा नागपुरातली, गिरणी कामगारांच्या वस्तीतली, आणि मीही त्याच वस्तीतली. बाबा गिरणीत होते. छप्पनच्या बौद्ध दीक्षेला मी सात वर्षांची होते. बाबांच्या खांद्यावर बसून मी सगळं पाहिलं म्हणे, पण मला आठवते ती फक्त धूळ आणि पांढऱ्या साड्या. तेव्हाच बाबांनी ठरवलं की पोरगी शिकेल आणि पुस्तकातल्यासारखं बोलेल. मी शिकले आणि बोलायलाही लागले. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, पुण्याकडच्या होत्या. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यावरून अजिबात कळत नाही हो!" काय कळत नाही, नागपूर कळत नाही की वस्ती कळत नाही, ते मी विचारलं नाही. नुसती खूश झाले. मूर्ख होते, दुसरं काय!

हे आधी सांगितलं, कारण पुढचं सगळं माझ्या या शुद्ध मराठीमुळेच झालं.

बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, काटोलच्या पुढे एका खेड्यात राहायची. बसमधून उतरून तासभर चालावं लागे. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, दोन खोल्यांचं कवेलूचं, म्हणजे कौलांचं, घर आणि संत्र्याच्या तोडणीचं काम. बागा सगळ्या एका माणसाच्या. मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, जाऊन किती वर्षं झाली तरी गावात त्याला मालगुजारच म्हणत. त्याच्याकडे दुनळी बंदूक होती, परवान्याची. परवाना कशासाठी, तर माकडं हाकायला. संत्र्याला माकडांचा त्रास असतो हे खरंच आहे, कळप आला की अर्धी बाग चावून टाकतो. त्यामुळे बंदुकीला कुणी नाव ठेवत नव्हतं. पण आत्याच्या वस्तीनं दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तेव्हापासून मालगुजाराच्या बोलण्यात 'माकडं' हा शब्द जरा जास्तच यायला लागला. "माकडं लय शेफारले," तो पारावर बसून म्हणायचा. ऐकणारे हसायचे, आणि वस्तीतल्या माणसानं मान खाली घालून पुढं जायचं.

निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायचा हुकूम निघायचा. त्या वर्षीही निघाला. पण निवडणूक पडली मृगाच्या बहाराची फळं झाडावर असताना. मालगुजारानं अर्ज केला की माकडं बाग खातील, आणि त्याला सूट मिळाली. मग त्यानं वस्तीत निरोप धाडला, "यंदा तुम्ही तकलीफ घेऊ नका. तुमचे मतं पडून जातीन." वस्तीतले पुरुष गप्प बसले. आत्या म्हणाली, "माह्यं मत मीच टाकतो, बाप्पा. त्याले कायले तकलीफ?" आमच्याकडे बायकाही 'टाकतो, जातो' म्हणतात. आत्याचं ते मी दरवेळी सुधारायची, आणि ती दरवेळी हसायची.

आमच्या शाळेतही त्या दिवसांत निवडणुकीशिवाय बोलणं नव्हतं. डबे सोडून बसलो की सुरू व्हायचं. एक सहकारी बाई, मनानं वाईट नाही, संत्रं सोलता सोलता मला म्हणाली, "तुमचं बरं असतं गं, तुम्हा लोकांची मतं गठ्ठ्यानं पडतात. विचार करायला नको." मी म्हटलं, "आणि तुमच्या घरची सात मतं कुठे पडतात?" ती म्हणाली, "आमचे हे सांगतात तिथेच, सगळ्यांची." मी म्हटलं, "मग तो गठ्ठा नाही?" तिनं संत्र्याची फोड माझ्यापुढे केली. मी घेतली नाही. घरी गेल्यावर वाटलं, घ्यायला हवी होती. कारण त्याच रागात मी आठवडाभर मनातल्या मनात भांडत राहिले, आणि काटोलकडच्या बसनं येणाऱ्या बातमीकडे माझं लक्षच नव्हतं.

मतदानानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी आत्या दारात उभी. पायात चप्पल नाही, हातात एक पिशवी, कमरेला तिची नेहमीची पानाची चंची. बाबा पहिल्या पाळीला निघाले होते, ते थांबले. आत्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "भाऊ, त्यानं बार काढला गा."

झालं होतं ते असं. आत्या पुढे आणि वस्तीतल्या बायका मागे, अशा त्या शाळेतल्या मतदान केंद्रावर गेल्या. आत्याचं नाव यादीत सापडलं. डाव्या हाताच्या बोटाला शाई लागली. हातात कागद मिळाला. ती शिक्का घेऊन आडोशाकडे वळली, तोच शाळेच्या मागच्या बागेत बंदुकीचा आवाज झाला. भडाम! लगेच दुसरा. कवेलूवर छर्रे सांडले आणि मागून मालगुजाराची आरोळी आली, "माकडं! माकडं हाका रे!" माकड तर एकही नव्हतं, होत्या त्या बायका. रांग पळाली. आत्याही पळाली. कुणाला लागलं नाही, एका बाईचा पाय मुरगळला तेवढाच. पण वस्तीतलं एकही मत पेटीत पडलं नाही. आतल्या अधिकाऱ्यानं कागदावर लिहिलं, मतदान शांततेत पार पडलं.

कुणीतरी तक्रार नेल्यावर पोलिसांनी बंदूक ठाण्यात नेऊन ठेवली, चौकशी होईपर्यंत. मालगुजार म्हणाला, माकडं आली होती. आता वस्तीतल्या कुणी लिहून दिलं, तर बंदूक ठाण्यात राहणार होती. नाही दिलं, तर बंदूक परत घरी. वस्तीतले पुरुष म्हणाले, आपल्याला इथंच राहायचं आहे. बायकांनी त्यांच्याकडे पाहून माना खाली घातल्या. म्हणून आत्या एकटी आली होती.

"मले बंदूक नोको, बदला नोको," ती म्हणाली. "त्याची तेवढी ठान्यात राहू द्या. रातभर झोप नाही लागत, वं माय."

बाबा म्हणाले, "बाई, हिचं अक्षर कचेरीत वाचतील ना, तर सायेब उभे राहतील. माझी पोरगी लिहील." आणि मी लिहायला बसले. घरात इतकी काळजी पसरलेली, आणि मला आतून काय वाटत होतं? खरं सांगते, मला वाटत होतं, आता दाखवतेच. आमचा अर्ज म्हणजे 'मले-तुले' नव्हे.

आत्या सांगत होती, मी लिहीत होते. तिचं 'मले' मी 'मला' केलं. 'तवा'चं 'तेव्हा', 'पानी'चं 'पाणी', 'भडाम'चं 'बंदुकीचा आवाज'. ती म्हणाली, "मी मत देऊन राहिली होती, तेवढ्यात भडाम झालं." मी लिहिलं, 'मी मत देऊन राहिले होते, तेवढ्यात बंदुकीचा आवाज झाला.' 'राहिली'चं 'राहिले' तेवढं केलं. शुद्ध! बाबांनी वाचलं. आमच्या वस्तीच्या बुद्धविहारातल्या दोन मोठ्या माणसांनी वाचलं. शेजारच्या गल्लीतल्या एका वकिलाच्या कारकुनानंही वाचलं. सगळे म्हणाले, उत्तम. आत्यानं अंगठा दिला, शाईच्या बोटाशेजारचाच. चंची मांडीवर घट्ट धरून बसली होती, मधेमधे हात लावून बघत होती. मला वाटलं, सुपारीसाठी जीव चाललाय.

अर्ज गेला आणि आत्या गावी परत गेली. आम्ही राहा म्हटलं, पण तोडणी चालू होती. मग वाट बघण्याचे दिवस आले, आणि ते फार वाईट होते. सकाळी पेपर आला की मी आधी गावाचं नाव शोधायची. काटोलहून संत्र्याच्या गाड्या यायच्या, गाडीवाल्यांपैकी एकजण आत्याला ओळखायचा. तो दिसला की मी शाळेची वाट सोडून त्याच्याकडे जायची. "आहे का बरी?" तो म्हणायचा, "हाव, बरी हाय." वर्गात एखाद्या पोरानं बाक आपटला तरी मी दचकायला लागले. पोरांच्या ते लक्षात आलं, आणि मग ती मुद्दाम आपटायला लागली. मेली!

पेपरात एक छोटी बातमी आली होती, माकडांवर बार काढल्यानं मतदारांची पळापळ. तिच्यावर लोकांची पत्रं सुरू झाली. एका वकिलानं लिहिलं, निवडणुकीत कुणालाही सूट देऊ नये, सगळ्या बंदुका जमा करा. एका बागाईतदारानं उत्तर दिलं, माकडं निवडणुकीची तारीख बघून येत नाहीत. तिसऱ्यानं लिहिलं की गठ्ठ्यानं मतं टाकणाऱ्यांनी दुसऱ्यावर दबावाचा आरोप करू नये. झालं, पुन्हा गठ्ठा! ते पत्र वाचून मी पेपर फेकला. बाबांनी तो उचलून घडी केली आणि विहारात घेऊन गेले.

विहारात त्याहून मोठा वाद. आमच्या वस्तीतले तरुण म्हणत होते, आपणही परवाने मागू, गावाकडे आपल्याला काय शेती नाही का? बाबा ओरडले, "अरे, बंदूक काढायची का आणखी आणायची? उद्या तुमच्या घरात दारू पिऊन कोणी उठला तर?" एकानं विचारलं, "मंग आत्याबाईनं काय करावं? मतदान केंद्रावर हात जोडून उभं राहावं?" शेवटी बाबा म्हणाले, "आपला अर्ज गेला आहे. चौकशी होऊ द्या." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला.

चौकशीचा निकाल दीड महिन्यानं टपालानं आला. शाळेच्या पत्त्यावर, कारण पत्ता मीच माझ्या शाळेचा दिला होता. मधल्या सुट्टीत उघडला. तक्रारदार महिलेनं स्वतःच लिहून दिलं आहे की ती मत देऊन केंद्रावर राहिली होती. तिच्या बोटावर शाई आढळली. चौकशी अधिकाऱ्यानं गावी जाऊन जबाब वाचून दाखवला असता तिनं तो बरोबर असल्याचं मान्य केलं. सबब मतदानात अडथळा आला असं दिसत नाही, शस्त्र परवानाधारकास परत करण्यात यावं.

खोटारडे! शब्द फिरवले! मी तशीच मोठ्या बाईंच्या खोलीत गेले, पर्समधली अर्जाची नक्कल त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "बघा, आम्ही काय लिहिलं आणि यांनी काय वाचलं!"

त्यांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं. मग हळूच म्हणाल्या, "अहो, पण तुम्हीच लिहिलंय की. मत देऊन राहिले होते. म्हणजे मत दिलं आणि तिथे थांबली, असंच ना?"

"नाही! देऊन राहिले होते म्हणजे... देऊन राहिले होते!"

"म्हणजे देत होते?"

'करून राहिलो, जाऊन राहिलो, देऊन राहिलो' हे सगळं आम्ही जन्मापासून बोलतो. चाललेल्या कामाला दुसरं काही म्हणतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पोरांना शिकवलंही होतं. पण हे माझ्या कानाला चूक कधी लागलंच नाही. 'मले' कानाला लागायचं, कारण ते मोठ्या बाईंना लागायचं. हे मात्र माझ्या पोटात इतकं आत होतं की मला दिसलं नाही. वाचणाऱ्या त्या चौघांना दिसलं नाही, कारण तेही माझ्यासारखेच. आणि कहर म्हणजे मी बाकी सगळं शुद्ध केलं होतं. अर्ज आत्याच्याच बोलीत असता, 'मले भडाम' असता, तर त्या चौकशीच्या साहेबानं, तो पुण्याकडचाच असणार, कुणाला तरी विचारलं असतं, ही बाई काय म्हणते. माझ्या शुद्ध मराठीमुळे त्याला विचारायची गरजच पडली नाही.

मोठ्या बाई म्हणाल्या, "पुन्हा अर्ज करा. मी लिहून देते." त्यांनी खरंच लिहून दिला. तो अर्ज गेला आणि उत्तर आलं की प्रकरण बंद झालं आहे.

मी हे घरी सांगितलं नाही. निकाल सांगितला, कारण नाही सांगितलं. बाबा विहारात उभं राहून म्हणाले, "कचेरी विकली गेली!" टाळ्या पडल्या. मला बोलायला उठवलं, मी घसा बसलाय म्हणाले. माझा घसा चांगला होता. कचेरी विकली गेली नव्हती. तो साहेब कसा होता मला माहीत नाही, चांगलाही असेल. मला भीती वाटत होती की बाबांना कळलं तर ते काहीच बोलणार नाहीत, नुसते माझ्या शाळेच्या पिशवीकडे बघतील.

बंदूक परत गेली आणि माकडं रोज यायला लागली. गाडीवाल्यानंच सांगितलं, "आत्याबाईच्या घरामागं रोज सकाळी दोन बार निघते. माकडं हाकून राहिले म्हनते." त्या रविवारी मी पहिली बस धरली.

आत्या अंगण झाडत होती. मला बघून हसली, "आली का वं?" आणि पुन्हा झाडायला लागली. तेवढ्यात बाग सुरू होते तिथून आवाज आला. मी ओट्याच्या खांबाला मिठी मारली. आत्याचा खराटा थांबला. दुसरा बार होईपर्यंत ती तशीच वाकून उभी राहिली, तो झाल्यावर पुन्हा झाडायला लागली. कवेलूवरून दोन-चार छर्रे घरंगळत खाली पडले. तिनं ते कचऱ्याबरोबर लोटले. म्हणाली, "दोनच असते. आता दिवसभर काही नाही."

मी खराटा तिच्या हातातून काढून घेतला. "चल," म्हटलं, "आत्ताच्या आत्ता."

"घर?"

"राहू दे घर."

तिनं आत जाऊन एक गाठोडं बांधलं. बांधताना चंची उघडली, सुपारी बाहेर काढली, आणि सुपारीखालून चार घड्यांचा एक कागद. माझ्याकडे दिला. मतपत्रिका होती! मागे अधिकाऱ्याची सही. पुढे सगळी चिन्हं, आणि शिक्का कुठेच नाही.

"आत्या! हे तुझ्याकडे होतं? मी लिहीत होते तेव्हा?"

"मांडीवरच होतं. सरकारी कागद हाय ना. हातात घेऊन पळाली, पेटीत टाकाचं राहून गेलं. म्हनलं दाखवीन तं चोरी लागन."

तो कागद पाहिला असता तर साहेबाला एक शब्दही वाचावा लागला नसता. आत्यानं तो चोरीच्या भीतीनं लपवला होता, आणि मी माझी चूक लाजेनं लपवून ठेवली होती. मी तिथेच बसून रडले. तिला वाटलं, बंदुकीला भ्याले. पाठीवर हात फिरवत म्हणाली, "झालं, झालं. आज दोन होऊन गेले." मी तेव्हाही सांगितलं नाही. कागद तिनं पुन्हा चंचीत ठेवला. घराला कुलूप लावलं. किल्ली शेजारणीकडे दिली, "सडा टाकत जाजो वं" म्हणाली, आणि आम्ही निघालो. ते घर पुढच्याच पावसाळ्यात बसलं.

नागपुरात तिला करमलं नाही. गल्लीत फटाका वाजला की तिच्या हातातलं काम थांबायचं, आणि दुसरा वाजेपर्यंत ती पुढं जायची नाही. एकच वाजला तर फार वेळ तशीच उभी. मी शाळेतली पट्टी कपाटात टाकली होती. पोरांना वाटलं, बाई बदलल्या. मोठ्या बाईंनी एकदा विचारलं, "हल्ली तुमच्या वर्गात 'मले' फार ऐकू येतं?" मी म्हटलं, "हो, ऐकून राहिले मी." त्या हसल्या. मी हसले नाही.

तीन वर्षांनी पुन्हा निवडणूक आली. आत्याचं नाव मी आमच्या यादीत घालून घेतलं होतं. सकाळीच दोघी रांगेत उभ्या राहिलो, माझ्याच शाळेत, माझ्याच वर्गासमोर. आत्याला घाम फुटला होता. माझी नजर सारखी मागच्या भिंतीकडे जात होती. तिथे बाग नव्हती, एक कडुनिंब होता आणि त्याखाली पोलीस बिडी ओढत बसलेला. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. आमच्यापुढे चार बायका राहिल्या, तेव्हा आत्यानं चंचीतून तो जुना कागद काढला.

"हे बी टाकतो," ती हळूच म्हणाली. "मांगलं राहून गेलं होतं."

"नाही, आत्या. ते आता चालत नाही. बाद होईल. पकडतील."

"काहून? सरकारनंच तं देलं."

पुढे तीन बायका होत्या. मला वाटलं, आता नाही सांगितलं तर कधीच नाही. मी तिचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. माझ्या लिहिण्यामुळे बंदूक परत गेली, 'देऊन राहिले होते' असं मी लिहिलं म्हणून त्यांना वाटलं की मत देऊन झालं. कचेरी नाही, मालगुजाराचा पैसा नाही. मी.

"त्या सायबानं मले वाचून दाखवलं होतं," ती म्हणाली. "मत देऊन राहिले होते, बरोबर? मी म्हनलं हाव. खरंच तं होतं. मी देऊनच राहिली होती."

"खरं होतं गं. पण त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ वेगळा होतो."

"मंग तेह्यच्यात कसं म्हनते?"

"देत होते."

"देत होते," तिनं म्हणून पाहिलं. पुढे एकच बाई होती. "येवढ्यानं माह्यं घर गेलं?"

तिचं नाव पुकारलं गेलं. तिनं माझ्या हातातून हात सोडवला, जुना कागद चंचीत खोचला आणि आत गेली. मी दारातून बघत होते. बोटाला शाई लागली. कागद मिळाला. ती आडोशाकडे वळली, आणि तिथे वळताना थांबली. खराटा हातात असताना थांबायची तशीच, मान वाकवून. कुणी काही आपटलं नव्हतं. ती नुसतीच थांबली होती, वाट बघत. आतला अधिकारी म्हणाला, "आजी, जा ना." मग ती आडोशामागे गेली. बाहेर आली. पेटीजवळ उभं राहून कागद आत ढकलला, आणि बोटानं फटीतून पुन्हा एकदा ढकलला.

बाहेर आल्यावर तिनं शाईचं ओलं बोट माझ्या तोंडासमोर धरलं.

"आता लिही," ती म्हणाली. "'देलं' लिही. का त्यात बी काही चुकते?"

"'दिलं'," माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुह्यंच लिही मंग," आत्या म्हणाली, आणि मला मागे सोडून ती एकटीच फाटकाकडे चालायला लागली.